सोलापुरातील कोळंबी उत्पादकांसाठी: निरनिराळ्या सरकारी कार्यक्रमांतील रोगचाचण्यांचा मेळ कसा घालावा

कोळंबीच्या एकाच तळ्यातून एका पिकात चार वेगवेगळ्या कारणांसाठी नमुने जाऊ शकतात. बीज सोडण्यापूर्वी ते विषाणूमुक्त आहे की नाही हे पाहिले जाते. देशपातळीवरच्या रोगसर्वेक्षणासाठी मत्स्यव्यवसाय विभाग किंवा संशोधन संस्था नमुने मागते. माल निर्यातदाराकडे जाणार असेल तर प्रतिजैविकांच्या अंशांची चाचणी करावी लागते. मरतूक झाली आणि विमा असला तर नुकसानीच्या कारणाचा पुरावा द्यावा लागतो. या चारही ठिकाणचे अर्ज, बाटल्या आणि अहवालांची भाषा वेगळी असते आणि एका ठिकाणचा अहवाल दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. हे दुवे सोलापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात शेतकऱ्यालाच जोडावे लागतात. ते कसे जोडावेत हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्यातील अडचण किनारपट्टीपेक्षा वेगळी आहे. कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटी ही २००५ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था किनारी क्षेत्रापुरती काम करते, त्यामुळे मोहोळ, माढा किंवा सांगोल्यातील शेततळे तिच्या नोंदवहीत येत नाही. आपले बीज मात्र ज्या हॅचरीतून येते ती किनाऱ्यावरची असते आणि तिची नोंदणी त्या संस्थेकडे असते. म्हणजे बीजाचे कागद एका यंत्रणेचे, तळ्याचे कागद दुसऱ्या यंत्रणेचे, आणि रोग मात्र बीजाबरोबर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी येणारा, अशी स्थिती असते. शिवाय सुसज्ज प्रयोगशाळा मुंबई आणि चेन्नईत आहेत, आणि नमुना तिथे पोहोचेपर्यंत त्याला सोलापूरचे ऊन सोसावे लागते.

चार यंत्रणा, चार प्रश्न

समन्वयाची सुरुवात प्रत्येक चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे नीट समजून घेण्यापासून होते, कारण एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यानेच बहुतेक चुका होतात.

पहिला प्रश्न बीजाचा. भारतात व्हनामी कोळंबीचे व्यावसायिक संवर्धन २००९ पासून सुरू झाले. परदेशातून येणारे प्रजनक, म्हणजे बीज देणारी नर-मादी कोळंबी, चेन्नईजवळ नीलांकराई येथील जलचर विलगीकरण केंद्रात तपासून मगच हॅचरीला दिले जातात. हे प्रजनक ‘विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त’ असतात, म्हणजे ठरलेल्या यादीतील रोगांपासून मुक्त असतात. यादीबाहेरच्या रोगाविषयी किंवा हॅचरीत नंतर झालेल्या संसर्गाविषयी त्या शब्दांत कोणतीही हमी नसते, म्हणून प्रजनकांचा दाखला पिल्लांच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न देशाचा. जलचर प्राण्यांच्या रोगांचा राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो त्याचा समन्वय करते. त्याचा दुसरा टप्पा प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून आला आणि जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अॅप शेतकऱ्यांसाठी खुले झाले. मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि चेन्नईतील केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्था या कामातील जाणत्या संस्था आहेत. या कार्यक्रमात दोन प्रकारची कामे होतात. एकात ठरवून निवडलेल्या तळ्यांतून नियमित नमुने घेतले जातात आणि दुसऱ्यात शेतकऱ्याने कळवलेल्या आजाराचा तपास होतो. पहिल्या कामातून ‘या भागात हा रोग आहे का’ याचे उत्तर मिळते. त्यातील नकारात्मक अहवाल म्हणजे आपल्या तळ्याचे आरोग्यपत्र, असा अर्थ कधीही काढू नये.

तिसरा प्रश्न ग्राहकाचा. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एमपेडा, तळ्यांची नोंदणी करते, राष्ट्रीय अंश-नियंत्रण योजना राबवते आणि काढणीपूर्व चाचणीची सोय करते. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांचे अंश हा तिथला मुख्य विषय आहे. कोळंबी निरोगी असूनही या चाचणीत माल नाकारला जाऊ शकतो आणि रोगट कोळंबी या चाचणीत स्वच्छ ठरू शकते.

चौथा प्रश्न पैशाचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत मत्स्यसंवर्धनाच्या विम्यासाठी एकवेळचे प्रोत्साहन आहे. ते हप्त्याच्या ४० टक्के, पण पाण्याच्या प्रतिहेक्टर क्षेत्रामागे २५,००० रुपयांच्या मर्यादेत, आणि चार हेक्टरपर्यंत एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त एक लाख रुपये असते. अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी १० टक्के अधिक आहे. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावरील नोंदणी हे या योजनेचे प्रवेशद्वार आहे.

पहिली पायरी: तळ्याची ओळख सगळीकडे एकच ठेवा

हे काम एका दुपारचे आहे, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा ते महत्त्वाचे आहे. बीजाच्या अहवालावर शेतकऱ्याचे नाव, प्रयोगशाळेच्या अर्जावर शेताचे प्रचलित नाव, विम्यावर सातबाऱ्यावरील वडिलांचे नाव आणि डिजिटल मंचावर आधारवरील नाव असेल, तर हे चार कागद एकाच तळ्याचे आहेत हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक तळ्याला एक छोटा संकेत द्यावा. त्यात गट क्रमांक, तळ्याचा क्रमांक आणि पिकाचा क्रमांक याच क्रमाने यावेत. उदाहरणार्थ, गट १४२ मधील दुसऱ्या तळ्याच्या तिसऱ्या पिकाला ‘१४२-त२-पी३’ असे लिहावे. हा संकेत तळ्यावरच्या पाटीवर, प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात आणि प्रत्येक पावतीवर हाताने लिहावा, मग त्या अर्जात त्यासाठी रकाना असो वा नसो.

क्षेत्रफळाचीही अशीच गल्लत होते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते, बोलताना आपण गुंठ्यात बोलतो, आणि विमा व प्रोत्साहन मात्र पाण्याच्या पसाऱ्यावर मोजले जाते. वरच्या काठाला ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असलेल्या, एकास एक उतार असलेल्या शेततळ्याचा तळ २४ बाय २४ मीटरच भरतो, त्यामुळे पाण्याची पातळी जशी खाली जाते तसा पसारा घटतो. आपण ज्या पातळीवर कोळंबी वाढवणार आहोत त्या पातळीचा पसारा मोजून तोच आकडा सगळीकडे द्यावा. मोबाइलवर तळ्याचे अक्षांश-रेखांश घेऊन तेही एकदाच लिहून ठेवावेत.

दुसरी पायरी: बीज आणण्यापूर्वी लेखी कळवा

व्हनामी ही परकी जात आहे. क्षारपड जमिनीवर किंवा खाऱ्या बोअरच्या पाण्यावर तिचे संवर्धन करायचे असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला आधी लेखी विचारावे आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत बीजाची आगाऊ रक्कम देऊ नये. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचे, म्हणजे ज्याला बाजारात स्कॅम्पी म्हणतात तिचे, बीज आणणाऱ्यांनीही हेच करावे. तिला पांढऱ्या शेपटीचा विषाणूजन्य रोग होतो आणि तो पिल्लांमध्ये वेगाने मारक ठरतो, म्हणून चाचणीची गरज तिथेही तितकीच आहे.

पत्र छोटे असावे, पण त्यात सर्वेक्षणाचा विषय स्पष्ट यावा. त्यातील पीसीआर म्हणजे रोगजंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी. नमुना पुढीलप्रमाणे:

‘विषय: कोळंबी संवर्धन व रोगसर्वेक्षण नमुन्यांबाबत. महोदय, माझ्या गट क्रमांक अमुकमधील तळे क्रमांक दोनमध्ये (संकेत १४२-त२-पी३) अमुक महिन्यात कोळंबी बीज सोडण्याचे नियोजन आहे. बीज नोंदणीकृत हॅचरीतून, पीसीआर तपासणी करूनच आणले जाईल. राष्ट्रीय रोगसर्वेक्षण कार्यक्रमात या तळ्याचा समावेश करता येईल का, नमुने कोणत्या महिन्यांत घेतले जातील, आणि अहवालाची प्रत मला मिळेल का, हे कळवावे ही विनंती. सोबत सातबारा, डिजिटल मंचाचा नोंदणी क्रमांक व स्थळदर्शक नकाशा जोडला आहे.’

पत्र स्वतः नेऊन द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पुढे सहा महिन्यांनी मरतूक झाल्यावर ‘आम्ही आधीच कळवले होते’ हे दाखवणारा तोच एकमेव कागद असतो. पत्रातील शेवटची विनंती वगळू नये. सर्वेक्षणाचा नमुना देशाच्या माहितीसाठी घेतला जातो, त्यामुळे शेतकऱ्याने प्रत मागितली नाही तर ती त्याच्यापर्यंत येईलच असे नाही.

तिसरी पायरी: पिकाचे वेळापत्रक आधी आखा

सगळ्या यंत्रणांना एकाच वेळापत्रकावर आणणे शेतकऱ्याच्या हातात नसते, पण आपल्या वेळापत्रकात त्यांना जागा ठेवणे हातात असते. समजा, ११० दिवसांचे पीक आहे. बीज सोडण्याच्या सात-आठ दिवस आधी हॅचरीतील ज्या टाकीतून आपले बीज येणार आहे त्याच टाकीतील पिल्लांची पीसीआर चाचणी व्हावी, आणि अहवालावर टाकी किंवा खेपेचा क्रमांक असावा. बीज उतरवण्याच्या दिवशी, पिशव्या तळ्याच्या पाण्यावर तरंगत असतानाच, वेगवेगळ्या पिशव्यांतून १५० पिल्ले घेऊन ती इथेनॉलमध्ये बुडवून ठेवावीत. या बाटलीचा उपयोग पुढे सांगितला आहे.

विसाव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान पहिला तळ्यातील नमुना घ्यावा. पिकाच्या सुरुवातीलाच होणारी मरतूक याच काळात दिसते. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास आकारातील तफावत पाहावी. एकाच दिवशी सोडलेल्या कोळंबीत काही मोठी आणि बरीचशी बारीक दिसू लागली, तर ईएचपी या सूक्ष्म परजीवीची चाचणी करावी. हा परजीवी सहसा एकदम मारत नाही, पण वाढ खुंटवतो, आणि खाद्याचा खर्च तेवढाच राहतो. पासष्टाव्या ते सत्तराव्या दिवशी सर्वेक्षणाचा दुसरा नमुना घ्यावा. माल निर्यातदाराला द्यायचा असेल तर काढणीपूर्व चाचणीसाठी काढणीच्या किमान दहा-बारा दिवस आधी नमुना पाठवावा, म्हणजे अहवाल येईपर्यंत व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहणार नाही.

या आकड्यांत सोलापूरच्या हवामानाची एक दुरुस्ती करावी लागते. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू, म्हणजे कवचावर पांढरे ठिपके आणणारा मारक विषाणू, पाण्याचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना दबून राहतो आणि पाणी थंडावले की उचल खातो. त्यामुळे मे महिन्यात नकारात्मक आलेल्या तळ्यात मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर आठवडाभरात आजार दिसू शकतो. उन्हाळी पीक जूनमध्ये लांबत असेल, तर वेळापत्रकात पावसानंतरचा एक जादा नमुना नक्की ठेवावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कोळंबी कमी खाते आणि ताण वाढतो, त्या काळात पीक तळ्यात नसणे हेच बरे.

चौथी पायरी: किती कोळंबी आणि कोणती कोळंबी

नमुन्याच्या संख्येबाबत फार गैरसमज आहेत. दहा कोळंब्या पाठवल्या, अहवाल स्वच्छ आला, म्हणजे तळे स्वच्छ, असे समजले जाते. गणित वेगळे सांगते. तळ्यातील शंभरातील दोन कोळंब्यांना संसर्ग असेल आणि आपण दहा उचलल्या, तर त्या दहाही निरोगी निघण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के असते, म्हणजे पाचपैकी चार वेळा आपण रोग चुकवतो. १५० उचलल्या तर ही शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. संसर्ग शंभरात पाचांना असेल तर ६०, आणि दहांना असेल तर ३० कोळंब्या तेवढ्याच खात्रीला पुरतात. म्हणूनच बीजासाठी, जिथे संसर्ग थोडा असला तरी घातक ठरतो तिथे, १५० पिल्लांचा आकडा ठरलेला आहे. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही हेच आकडे येतात.

दीडशे चाचण्यांचा खर्च ऐकून घाबरू नये. प्रयोगशाळा अनेक पिल्ले एकत्र वाटून एक नमुना करते. एका नमुन्यात किती घालायची हे प्रयोगशाळेने ठरवावे, पण अहवालावर ‘इतक्या पिल्लांचे इतके गट तपासले’ अशी नोंद मागून घ्यावी. ती नसेल तर त्या ‘नकारात्मक’ शब्दाचे वजन कळत नाही.

कोणती कोळंबी घ्यावी हे कारणावर अवलंबून आहे. सर्वेक्षणासाठी तळ्याच्या चारही बाजूंनी आणि मध्यभागी फेकजाळे टाकून जे येईल ते, निवड न करता, घ्यावे. आजाराच्या निदानासाठी मात्र काठावर सुस्त फिरणारी, नुकतीच मरायला टेकलेली कोळंबी निवडून घ्यावी. मरून काही तास झालेली, लाल पडलेली कोळंबी उपयोगाची नसते. हे दोन प्रकार एकाच बाटलीत कधीही मिसळू नयेत. निवडलेल्या आजारी कोळंबीचा निकाल सर्वेक्षणात गेला तर जिल्ह्यातील रोगाचे प्रमाण फुगलेले दिसते. उलट, जाळ्यात आलेल्या निरोगी कोळंबीचा निकाल निदान म्हणून धरला तर आपल्या तळ्यातील रोग झाकला जातो. दोन बाटल्यांवर ‘यादृच्छिक’ आणि ‘आजारी’ असे स्पष्ट लिहावे.

पाचवी पायरी: एकदा जाळे टाका, पण वाटे वेगळे करा

तीन यंत्रणांसाठी तीन वेळा जाळे टाकले तर कोळंबीला तीनदा ताण बसतो आणि तीन दिवस मोडतात. म्हणून शक्य तिथे एकाच सकाळी सगळे नमुने घ्यावेत. यात वाटे करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका चाचणीचे रसायन दुसऱ्या चाचणीचा नमुना बिघडवते.

सर्वांत आधी प्रतिजैविक अंशांचा वाटा काढावा. हात साबणाने धुऊन, नवे हातमोजे घालून, कोळंबी थेट स्वच्छ नव्या पिशवीत घ्यावी, बर्फात ठेवावी आणि गोठवावी. या कामाला बसणाऱ्या माणसाने त्या दिवशी हाताला किंवा डोळ्याला प्रतिजैविक मलम लावलेले नसावे. क्लोरॅम्फेनिकॉल काही मलमांत असते आणि त्याचा अगदी सूक्ष्म अंशही चाचणीत दिसतो. स्कॅम्पी पाठवताना एक विशेष गोष्ट सांगावी लागते. सेमीकार्बाझाइड हा पदार्थ नायट्रोफ्युरानच्या एका प्रकाराची खूण म्हणून तपासला जातो, पण तो या कोळंबीच्या कवचात निसर्गतःच आढळतो. त्यामुळे चाचणी कवच काढलेल्या मांसावर व्हावी, असे अर्जावर लिहून द्यावे.

दुसरा वाटा पीसीआरचा. त्यासाठी ९५ टक्के इथेनॉल लागते आणि ते नमुन्याच्या दहापट असावे. रंगकामाचे स्पिरिट, औषधाच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिट किंवा फॉर्मेलिन चालत नाही. फॉर्मेलिनमध्ये जनुकीय द्रव्य तुटते आणि पीसीआर फसते. मोठ्या कोळंबीत रोगानुसार अवयव घ्यावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी पोहण्याचे पाय व कल्ले घ्यावेत, ईएचपीसाठी डोक्याच्या पोकळीतील यकृतसदृश तपकिरी ग्रंथी घ्यावी. डोळे वगळावेत, कारण त्यांतील रंगद्रव्यामुळे पीसीआर अडते आणि रोग असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो.

तिसरा वाटा ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा. त्यासाठी डेव्हिडसन द्रावण लागते. ते अल्कोहोल, फॉर्मेलिन आणि अॅसिटिक आम्ल मिसळून बनते, म्हणून ते प्रयोगशाळेकडूनच तयार मागवावे. कोळंबी जिवंत असतानाच हे द्रावण ग्रंथीत टोचावे लागते, कारण मेल्यानंतर ग्रंथी काही मिनिटांतच विरघळू लागते. एक-दोन दिवसांनी नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी संस्थेच्या माणसाची भेट ठरवावी, अर्धवट केलेला हा नमुना वाया जातो.

प्रत्येक बाटलीत जाड कागदाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून टाकावी. पेनाची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते, आणि बाहेरून चिकटवलेली पट्टी बर्फाच्या ओलाव्याने सुटते. चिठ्ठीवर संकेत, तारीख, वेळ, अवयव, कोळंबीची संख्या आणि ‘यादृच्छिक’ की ‘आजारी’ एवढे पुरे.

सोलापूरहून प्रयोगशाळेपर्यंत

इथेनॉल ज्वलनशील आहे, त्यामुळे भरलेली बाटली कुरिअर नाकारते. नमुना एक दिवस इथेनॉलमध्ये मुरू द्यावा, मग बहुतेक इथेनॉल ओतून टाकावे, नमुना ओला राहील इतकेच ठेवावे, झाकण चिकटपट्टीने बंद करून दोन पिशव्यांत घालावे. असा नमुना सामान्य तापमानाला काही दिवस टिकतो. तरीही एप्रिल-मेमध्ये तो पत्र्याच्या गोदामात किंवा मोटारीच्या डिकीत ठेवू नये. गोठवलेल्या नमुन्यासाठी जाड थर्माकोलची पेटी आणि पुरेसा बर्फ लागतो. मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने गटातील एखादा माणूस तो सोबत घेऊन गेला, तर सकाळी प्रयोगशाळा उघडताना नमुना तिथे असतो. सोमवार ते बुधवार या दिवसांतच पाठवावा. शुक्रवारी निघालेली पेटी सुटीचे दोन दिवस कुठेतरी पडून राहते. निघण्यापूर्वी प्रयोगशाळेला दूरध्वनी करून नमुना कोण घेणार त्याचे नाव विचारावे आणि देताना पावती घ्यावी.

सहावी पायरी: अहवाल वाचणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे

पीसीआरच्या अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चाचणीचे अंतर्गत नियंत्रण चालले का. ते चालले नसेल तर ‘नकारात्मक’ म्हणजे ‘चाचणी झालीच नाही’ असा अर्थ होतो. दुसरी, संसर्ग पहिल्या टप्प्यातच दिसला की दुसऱ्या, अधिक संवेदनशील टप्प्यात दिसला. पहिल्या टप्प्यातच दिसणे म्हणजे विषाणूचा भार मोठा आहे. रिअल-टाइम पीसीआर असेल तर ‘सीटी’ हा आकडा जितका कमी तितका भार जास्त, हे लक्षात ठेवावे. तिसरी गोष्ट म्हणजे कोणकोणते रोग तपासले त्यांची यादी. मागितलेला रोग त्या यादीत नसेल, तर त्याविषयी अहवाल काहीच सांगत नाही.

आपल्या भागात एका लक्षणाबाबत घाई होते. कोळंबीचे मांस दुधाळ पांढरे दिसणे आणि ती वाकडी आखडणे हे संसर्गजन्य स्नायुनाशाच्या विषाणूनेही होते, पण समुद्रापासून दूरच्या खाऱ्या पाण्यात त्याचे कारण बऱ्याचदा पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची कमतरता असते. समुद्राच्या पाण्यात हजारी ३५ क्षारतेला पोटॅशियम प्रतिलिटर सुमारे ३९० मिलिग्रॅम असते, त्या हिशेबाने हजारी ५ क्षारतेच्या पाण्यात ते सुमारे ५५ मिलिग्रॅम असायला हवे. भूगर्भातील खाऱ्या पाण्यात ते बहुधा त्याहून बरेच कमी भरते. म्हणून विषाणूचा नमुना पाठवतानाच पाण्याचाही नमुना आयन-तपासणीसाठी द्यावा. दोन्ही निकाल हातात आल्याशिवाय सर्वेक्षणाच्या अॅपवर रोगाचे नाव लिहू नये, केवळ लक्षणे लिहावीत. कवचावरचे पांढरे ठिपकेही जीवाणूंमुळे किंवा पाण्याच्या जास्त अल्कलिनिटीमुळे (विम्लतेमुळे) येऊ शकतात, आणि व्हनामीत विषाणू असूनही ठिपके अस्पष्ट राहू शकतात.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू सिद्ध झाला किंवा अचानक मोठी मरतूक सुरू झाली, तर मात्र थांबायला वेळ नसतो, कारण हा रोग तीन ते दहा दिवसांत संपूर्ण तळे रिकामे करू शकतो. त्याच दिवशी चार ठिकाणी कळवावे: जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला दूरध्वनी आणि नंतर लेखी, अॅपवर छायाचित्रांसह, विमा कंपनीला पॉलिसीत लिहिलेल्या पद्धतीने आणि मुदतीत, आणि शेजारच्या तळेवाल्यांना. विम्याचा निरीक्षक येण्यापूर्वी कोळंबी काढली तर दावा अडचणीत येऊ शकतो, म्हणून काढणीआधी कंपनीची लेखी संमती घ्यावी. ती यायला उशीर होत असेल तर कार्यालयाच्या अधिकाऱ्यांसमोर पंचनामा करून वजन नोंदवावे.

तळ्याचे पाणी ओढ्यात किंवा कालव्यात सोडू नये. हा विषाणू खेकडे आणि रानटी झिंगे यांच्यातही राहतो, आणि सीना-भीमेच्या काठचे खेकडे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात चालत जातात. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंगचे प्रमाण आणि पाणी किती दिवस अडवून ठेवायचे, हे कार्यालयाकडून लेखी घ्यावे. गोठवल्याने विषाणू मरत नाही, त्यामुळे काढलेल्या मालाची डोकी व कवचे उघड्यावर टाकू नयेत, खोल पुरावीत. हा विषाणू माणसाला होत नाही, हे गावात आवर्जून सांगावे, कारण अफवा पसरली की शेजाऱ्याच्या निरोगी मालाचाही भाव पडतो.

भाव पडेल या भीतीने लोक रोग लपवतात. ती भीती मला समजते. कर्ज काढून तळे उभे केलेल्या माणसाला ‘कळवा’ म्हणणे सोपे आहे, त्याच्या जागी उभे राहणे अवघड आहे. तरीही न कळवलेल्या मरतुकीसाठी विमा मिळत नाही, सर्वेक्षणात आपला जिल्हा रोगमुक्त दिसत राहतो, आणि जिथे रोग दिसत नाही तिथे प्रयोगशाळा किंवा फिरते तपासणी वाहन मागायला आधार उरत नाही. मत्स्य संपदा योजनेत रोगनिदान प्रयोगशाळा आणि फिरत्या केंद्रांसाठी तरतूद आहे, पण तिच्या मागणीसाठी नोंदी लागतात.

सातवी पायरी: गट आणि वही

एकट्याने हे सगळे करणे खर्चिक आहे. दहा-बारा तळ्यांच्या गटाने एक नमुनाप्रमुख नेमावा, त्याला नमुने घेण्याचे प्रशिक्षण कृषी विज्ञान केंद्र किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयामार्फत मागावे, इथेनॉल व पेट्या एकत्र घ्याव्यात, आणि मुंबईची फेरी वाटून घ्यावी. गटाने बीज शक्यतो एकाच आठवड्यात सोडावे, म्हणजे सर्वेक्षणाचा अधिकारी एका फेरीत सगळी तळी पाहू शकतो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. त्याचे लाभ मागताना तळे, पीक आणि तपासणीच्या नोंदी दाखवता आल्या तर अर्जाला वजन येते, म्हणून वही नीट ठेवावी. एका पिकाला एक पान पुरते. वर संकेत, बीजाची हॅचरी व टाकी, अहवालाचा क्रमांक. खाली प्रत्येक नमुन्यासाठी एक ओळ: तारीख, कोणासाठी, किती, यादृच्छिक की आजारी, कोणाला दिला, पावती क्रमांक, निकाल, आणि निकाल कोणाकोणाला कळवला. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते काम अपुरे आहे असे समजावे.

बीज उतरवताना इथेनॉलमध्ये ठेवलेली १५० पिल्लांची बाटली काढणी होऊन पैसे हाती येईपर्यंत जपावी. तिच्यावर तारीख, टाकी क्रमांक आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. तिसाव्या दिवशी तळ्यात रोग निघाला, तर तो बीजाबरोबर आला की बाहेरून शिरला, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेला ती बाटली मिळाली की दोन्ही नमुने एकाच वेळी तपासता येतात. बीजातच संसर्ग निघाला तर हॅचरीच्या नोंदणी क्रमांकासह अहवालाची प्रत जिल्हा कार्यालयाला आणि कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटीला पाठवावी, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक त्याच पानावर लिहावा.